कुर्गचं बटर फ्रूट घ्यावं की इम्पोर्टेड हास? बेंगळुरातनं एक लांबलचक रिव्ह्यू

बटर फ्रूट म्हणजे अव्होकाडो, आणि हास ही त्याचीच एक जात, परदेशातनं येणारी. आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही ते सुटतील. पावसाळ्याचे महिने चालू असतील आणि तुम्ही बेंगळूर, म्हैसूर, कुर्ग ह्या पट्ट्यात असाल तर सुपरमार्केटच्या एसीत स्टिकर लावून बसलेलं इम्पोर्टेड हास घेऊ नका, गाडीवरचं कडक, हिरवं, वेडंवाकडं बटर फ्रूट घ्या, घरी आणून चार-सहा दिवस विसरून जा आणि मग खा. पुण्या-मुंबईत असाल तर गणित थोडं बदलतं, ते पुढं लिहितो. आणि ज्यांनी एकदा कुठल्यातरी कॅफेत खाऊन "ह्याला काय चवच नाही राव" म्हणून कायमची फुली मारलीय त्यांनी तर नक्की वाचा, कारण तुम्ही बहुतेक कच्चं खाल्लंय नाहीतर कोवळं तोडलेलं खाल्लंय, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी मूळचा सांगलीकडचा, नोकरीमुळं बरीच वर्षं इकडं. गावाकडं हे फळ कुणाला माहीत नव्हतं, इकडं आल्यावर कळलं की इथं हे फॅशनचं वगैरे अजिबात नाही, ज्यूस सेंटरवाल्याकडं मोसंबी-डाळिंबाच्या शेजारी ढीग लावलेला असतो आणि रिक्षावाले, कॉलेजची पोरं, पेन्शनर सगळे उभ्या उभ्या बटर फ्रूट ज्यूस पितात. जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये सुद्धा झाडं दिसतात, मोठ्ठी, आंब्याच्या उंचीची, बारमाही हिरवी. भारतात हे झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतनं आलं असं फलोत्पादनवाले सांगतात, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आणि खानदान विचाराल तर दालचिनी, तमालपत्राचं, एकाच कुळातली सगळी मंडळी. मेक्सिकन वंशाच्या झाडाचं पान चुरगाळलं तर बडीशेपेसारखा वास येतो आणि तिकडं ओहाकात ती पानं भाजून घेवड्याच्या उसळीत घालतात, आपण तमालपत्र घालतो तसंच.

आता मुद्द्याचं. दुकानात दोन माल दिसतात आणि लोक दोन्हीला अव्होकाडोच म्हणतात, पण चव, तेल, साल, किंमत सगळंच वेगळं.

गाडीवर जे येतं ते कुर्ग, चिकमगळूर, वायनाड, नाहीतर तामिळनाडूतल्या कोडैकनालच्या खालच्या पळणी डोंगरातनं. बरीचशी झाडं कॉफीच्या मळ्यात कडेला नाहीतर मधेमधे लावलेली आणि त्यातली जुनी झाडं बहुतेक बीपासनं उगवलेली. आपल्याकडं रायवळ आंबा असतो ना, बांधावर कोयीपासनं आलेला, एका झाडाचा साखर आणि शेजारच्याच्या नुसत्या रेषा, अगदी तसलाच हा कारभार. अव्होकाडोची बी लावली की येणारं झाड आईच्या वळणावर जाईलच असं नाही, त्यामुळं एकाच ढिगात एक लांब मानेचं, एक गोल गरगरीत, एक जांभळट, एक गुळगुळीत पोपटी अशी फळं पडलेली असतात. ह्यात मजा पण आहे आणि रिस्क पण.

हास ही ह्याच्या बरोबर उलटी गोष्ट. शंभर टक्के कलमी. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाचा एक पोस्टमन होता, त्यानं १९२६ मध्ये ला हाब्रा हाइट्समधल्या आपल्या जमिनीत बिया लावल्या, त्या रोपांवर त्याला दुसरी जात कलम करायची होती, एका रोपावर काही केल्या कलम धरेना, तोडायचं चाललं होतं, पण राहून गेलं आणि त्याला लागलेली फळं घरच्या पोरांना आवडली. १९३५ मध्ये त्यानं झाडाचं पेटंट घेतलं. आज जगात विकल्या जाणाऱ्या अव्होकाडोतला बहुतेक माल हास, आणि मेक्सिकोतला असो, केनियातला असो की पेरूतला, प्रत्येक हासचं झाड हे त्या एका झाडाचं कलम किंवा कलमाचं कलम. पेटंट असून त्या माणसाला सगळं मिळून पाचेक हजार डॉलर सुटले म्हणतात, कारण लोक एक रोप विकत घ्यायचे आणि त्याच्यावरनं स्वतःच हजार कलमं बांधायचे, नोकरी शेवटपर्यंत पोस्टातच केली बिचाऱ्यानं. मूळ झाड २००२ मध्ये मुळकुजीनं मेलं. ही मुळकूज लक्षात ठेवा, शेवटी रोपांबद्दल लिहिताना परत येणारय.

तर चवीचं. हासचा गर घट्ट, पिवळट, लोण्याला जवळ जाणारा आणि मागनं शेंगदाण्या-अक्रोडाची किंचित चव. कारण तेल. पश्चिम इंडीज वंशाच्या, म्हणजे सखल गरम भागातल्या अव्होकाडोत तेल साधारण दहा टक्क्यांच्या आतच असतं आणि पाणी भरपूर, ग्वाटेमाला आणि मेक्सिकोच्या डोंगरातल्या वंशात तेल त्याच्या दुप्पट किंवा जास्त. हास ह्या डोंगरी वंशातलं. आपल्या इथल्या ढिगात सगळा मिसळलेला माल, त्यामुळं एखादं फळ हासच्या तोंडात मारेल इतकं तेलकट निघतं आणि एखादं दुधी भोपळ्याच्या लायनीतलं. मी मीठ-लिंबू-मिरची लावून चमच्यानं खायचं असेल तर हासला पाचपैकी साडेचार देईन आणि सरासरी कुर्गला साडेतीन. चांगलं कुर्ग मिळालं तर चार. पण दूध-साखरेत घालायचं असेल तर उलटं, तिथं हास जड होतं, ग्लास संपत नाही, आणि कुर्गचं हलकं गोडसर पाणीदार फळ एकदम बसतं. ज्यानं ही ज्यूसची आयडिया काढली त्यानं हाताशी असलेल्या फळाला बघूनच काढलीय.

किंमतीचं आकडे लिहून काही अर्थ नाही, रोज बदलतात, पण सीझनमध्ये हासची एक-दोन फळं ज्या पैशात येतात त्यात इथलं किलोभर येतं, थोडं इकडंतिकडं. हां, किलोत बी पण मोजली जाते हे ध्यानात ठेवा, गावठी फळात बी कधीकधी लिंबाएवढी असते आणि गर नुसता कडेकडेनं. हासमध्ये बी लहान, गर जास्त. तरीपण हिशोब कुर्गच्याच बाजूनं जातो.

कुठनं घ्यायचं? रसेल मार्केट, के.आर. मार्केट, मल्लेश्वरमचा आठवा क्रॉस, गांधी बझार, सगळीकडं मिळतं. हॉपकॉम्सची दुकानं मला आवडतात, शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९५९ पासनंची, रेट पाटीवर लिहिलेला असतो, घासाघीस नाही, आणि ज्यांना कन्नड येत नाही त्यांना तर बरंच पडतं. पण निवडीसाठी मला गाडीवाली अक्काच पसंत. ती पहिला प्रश्न विचारते "इवत्तु तिन्नोका, नाळेगा?", म्हणजे आज खायचंय की उद्यासाठी, आणि त्याप्रमाणं हातानं चाचपून काढून देते. ह्या एका प्रश्नाला मी पाच स्टार देतो. सुपरमार्केटमध्ये हा प्रश्न विचारणारं कुणी नाही, तिथं लोक येताजाता अंगठा दाबून जातात आणि तो अंगठा तुमच्या घरी आल्यावर काळा डाग होऊन निघतो. म्हणून तर म्हणतो कडक घ्या. कडक फळावर अंगठ्याचा परिणाम कमी होतो.

पण कडकमध्ये पण दोन प्रकार, आणि इथंच लोक फसतात. अव्होकाडो झाडावर पिकतच नाही. तयार झालं तरी झाडावर कडकच राहतं, तोडल्यावर मग पिकायला सुरुवात. त्यामुळं तयार झालेलं कडक आणि कोवळं कडक, बाहेरनं सारखंच दिसतं. भाव चढलेला असला की सीझनच्या सुरुवातीला कोवळा माल उतरवतात आणि तो कितीही दिवस ठेवा, पिकत नाही, सुरकुततो, रबरासारखा होतो, आणि मग माणूस म्हणतो अव्होकाडो बेकार. कापल्यावर कळतं, बीवरचं साल बघायचं. फळ तयार असेल तर बीचं साल गडद तपकिरी आणि कागदासारखं पातळ झालेलं असतं, कोवळं असेल तर पांढरट-पिवळट आणि जाडसर. ही परीक्षा कृषी विद्यापीठवाले शेतकऱ्यांना तोडणीसाठी सांगतात, पण गिऱ्हाइकाला पण उपयोगी आहे, पहिल्या खेपेला एकच फळ घ्या, बी बघा, चांगली निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवरनं किलो घ्या. कॅलिफोर्नियात ह्याचा कायदाच आहे, हासमधला कोरडा अंश, म्हणजे पाणी सोडून जे उरतं ते, निदान २०.८ टक्के भरल्याशिवाय विकायला परवानगी नाही. आपल्याकडं अक्काचा शब्द.

आणखी एक, काही गावठी जातींत पिकल्यावर बी आत सुटी होते आणि हलवलं की खुळखुळ वाजतं. सगळ्यांत नाही वाजत, त्यामुळं न वाजणारं फळ वाईट असं समजू नका. आणि इंटरनेटवर ते देठाचं बटण उचकटून खाली हिरवं दिसतं का तपकिरी बघा म्हणतात ना, ते दुकानात करू नका बाबांनो, तिथनंच बुरशी आत शिरते आणि तुम्ही उचकटून ठेवलेलं फळ पुढचा माणूस नेतो.

पिकवणं. खोलीत साधारण वीस डिग्रीच्या आसपास तापमान असेल तर फळ एकदम सारखं पिकतं, बेंगळूरचं पावसाळी हवामान ह्याला जणू ऑर्डर देऊन बनवल्यासारखं. कागदी पिशवीत एक पिकलं केळं घालून ठेवलं की केळ्याच्या इथिलीन गॅसमुळं एक-दोन दिवस लवकर होतं. आंब्याची आढी लावलेल्या माणसाला हे शिकवायला नको. पण तीस डिग्रीच्या वर गेलं की गडबड, एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला दगड, आणि म्हणून एप्रिल-मेमध्ये पुण्यात-नागपुरात ओट्यावर ठेवलेलं फळ नीट पिकत नाही. तिथं घरातली सगळ्यात गार जागा शोधा, माठाजवळचा कोपरा वगैरे. फ्रिजमध्ये कच्चं टाकलं तर ते पण बिघडतं, थंडीचा मार बसतो, नंतर कापल्यावर गर राखाडी आणि त्यात काळे दोरे. पिकलं, देठाजवळ दाबल्यावर हलकं दबलं, की मग फ्रिज, तिथं दोन-तीन दिवस आरामात टिकतं. हास पिकताना काळं-जांभळं होतं त्यामुळं रंगावरनं अंदाज येतो, कुर्गची बरीच फळं पिकली तरी हिरवीच, तिथं डोळ्यावर नाही बोटावर भरवसा.

कापलेलं उरलं तर काळं पडतं, सफरचंदासारखंच, हवेनं. बी आतच ठेवल्यानं काळं पडत नाही हे अर्धंच खरं, बीच्या खाली झाकला गेलेला भाग तेवढा वाचतो, बाकी पडतोच. लिंबू चोळा आणि वरनं प्लॅस्टिक अगदी गराला चिकटवून लावा. मधे एक व्हिडिओ फिरत होता अख्खं फळ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचा, ते नका करू, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्यानं, २०२२ मध्येच सांगितलंय, सालीवर लिस्टेरिया, साल्मोनेलासारखे जंतू असले तर पाण्यात ते वाढतात. आणि बी काढताना फळ तळहातावर धरून सुरीचं टोक मारू नका. चमचा घालून काढा. परदेशात ह्या एका कारणानं हाताच्या सर्जनकडं पेशंट जातात.

आता तयार खाण्याचे रिव्ह्यू.

ज्यूस सेंटरचा बटर फ्रूट ज्यूस. नाव ज्यूस, पण स्ट्रॉ उभा राहतो त्यात. गार दूध, साखर, गर, बर्फ, झालं. बऱ्याच ठिकाणी साखर इतकी मारतात की फळ कुठंय ते शोधावं लागतं, म्हणून "सक्करे कम्मी" आधीच सांगायचं. मध आणि सुकामेवा टाकून वीस-तीस रुपये जास्त घेणारे आहेत, त्याची गरज नाही. माझ्या मते ह्या शहरातला हा सगळ्यात कमी कौतुक झालेला पदार्थ. चार स्टार, आणि एक स्टार साखरेपायी कापला. कॅफेवाली मंडळी नाक मुरडतात की अव्होकाडो गोड कोण खातं, त्यांना सांगा ब्राझीलमध्ये दूध-साखर घालून मिक्सरमधनं काढतात, इंडोनेशियात त्यात चॉकलेट सिरप ओततात, व्हिएतनाममध्ये कन्डेन्स्ड मिल्क, फिलिपिन्समध्ये दूध-साखर-बर्फ. अर्धी दुनिया गोडच खाते.

घरी मी आता मिक्सर पण लावत नाही. चमच्यानं गर कुस्करतो, गार दूध, थोडी साखर, वेलची, जायफळाची चिमूट, सरळ शिकरण. पोळीबरोबर. केळ्याच्या शिकरणापेक्षा गुळगुळीत होतं, आणि लहान पोरं काही न विचारता खातात.

कॅफेतला अव्होकाडो टोस्ट. ह्याचं पहिलं श्रेय बरेच जण सिडनीच्या बिल ग्रेंजर ह्या शेफला देतात, त्याच्या कॅफेच्या मेन्यूवर तो १९९३ पासनं होता म्हणे. पदार्थ म्हणून वाईट नाहीच. आंबूस पाव, कुरकुरीत भाजलेला, वर मीठ-लिंबू लावलेला गर, मिरचीची भुरभुर, छान लागतं. पण इंदिरानगरच्या एका कॅफेत (नाव नाही लिहीत) भर सीझनमध्ये, शेजारच्या गल्लीत गाडीवर ढीग लागलेला असताना, इम्पोर्टेड हास वापरतो असं अभिमानानं मेन्यूवर छापलेलं आणि प्लेटमध्ये आलेला गर पातळ, दह्यात कालवल्यासारखा, वर मायक्रोग्रीनचं जंगल. बिलात दोन माणसांचं जेवण झालं असतं. दीड स्टार, तो पण पावासाठी.

आमच्या आईनं इथं आल्यावर पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तोंड वाकडं केलं. "ह्यात काय हाय रं, ना आंबट ना गोड." मग स्वतःच उठली, गराच्या फोडी केल्या, कांदा बारीक चिरून, दही, दाण्याचं कूट, कोथिंबीर, वरनं जिरं-हिंग-हिरवी मिरचीची फोडणी, फोडणी मात्र गार करून घातली, आणि कोशिंबीर करून टाकली. आता गावाला जाताना पिशवीतनं फळं नेते. फोडणी गार करायचं कारण तिनं चवीवरनं ओळखलं, पण ते खरंच आहे, अव्होकाडो जास्त तापवलं की कडू होतं. म्हणूनच भाजी, आमटी, बेक केलेले प्रकार ह्यांच्या मागं लागू नका. कणकेत कुस्करून मळतात ते चालतं, पोळी मऊ होते, दुसऱ्या दिवशीच्या डब्यात पण मऊ राहते, पण चव काही येत नाही, आणि नुसती मऊ पोळी हवी असेल तर चमचाभर तेलाचं मोहन काय वाईट आहे? हास असलं काही करायला वापरणं म्हणजे पैशाची माती. मिठाचं मला सगळ्यात आवडतं ते साधं, गरम भाकरी, त्यावर गर बोटानं पसरायचा, मीठ, लिंबू, शेंगदाण्याची चटणी. सांगलीकर आणि मेक्सिकन दोघंही ओळखतील असं काहीतरी तयार होतं.

तब्येतीचं थोडक्यात, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ह्याच्याबद्दल काहीही फिरतं. १०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी, जवळजवळ १५ ग्रॅम चरबी, पण ती बहुतेक ऑलिव्ह तेलात असते त्या जातीची, फायबर साडेसहा ग्रॅमच्या वर, साखर एक ग्रॅम पण नाही. पोटॅशियम ४८५ मिलिग्रॅम, केळ्यात ३५८ असतं. म्हणजे चांगलं फळ आहे, पण वजन कमी करायला म्हणून रोज एक अख्खं खाऊन वर नेहमीचं जेवण पण करणाऱ्यांनी बेरीज करून बघा. किडनीचा त्रास असलेल्यांनी पोटॅशियममुळं डॉक्टरला विचारून खावं. आणि रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची ॲलर्जी असेल तर ह्याची पण असू शकते, केळं आणि किवीचं पण तसंच.

आता पुण्या-मुंबईवाल्यांसाठी. तिकडं कुर्गचा माल येतो पण कमी आणि हाताळून हाताळून दमलेला, त्यामुळं हास घेण्यात वावगं काही नाही. आपल्याकडचं इम्पोर्टेड हास मोठ्या प्रमाणात टांझानिया, केनियातनं येतं, पेरू-ऑस्ट्रेलियाचं पण असतं. स्टिकरवर देश लिहिलेला असतो, वाचा. आफ्रिकेचा माल जवळनं येतो, मला तोच सगळ्यात बरा वाटलाय. ऑनलाइन ॲपवरनं "रेडी टू ईट" घेऊ नका, एका ॲपवरनं मागवलेली जोडी उघडली तर एकात दोरेच दोरे आणि दुसरं निम्मं काळं, रिफंड मिळाला हे खरं, पण त्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर चटणी-सॉसवर भागवावं लागलं. कडक मागवा, घरी पिकवा. कडक फळ सहसा धोका देत नाही. तयार ग्वाकामोलीची, म्हणजे कुस्करलेल्या अव्होकाडोच्या मेक्सिकन चटणीची, पाकिटं मिळतात त्यात आंबटपणा इतका की लिंबूच खातोय असं वाटतं, एक स्टार. अव्होकाडो तेल कोल्ड प्रेस चांगलं असतं, हिरवंगार, पण त्याच्या किंमतीत मी आयुष्यभर शेंगतेल वापरीन.

राहिलं रोप. कारण हल्ली गावाकडनं फोन येतात, "तिकडं अव्होकाडोची रोपं चांगली मिळत्यात म्हणं, दोन-चारशे आणतोस का?" अरे दादा, दोन-चारशे नको, आधी दोन-चार लाव.

नर्सऱ्यांमध्ये काय विकतात ते बघितलंय. बेंगळूरच्या आसपास काही ठिकाणी प्रत्येक रोपाला "हास" अशी चिठ्ठी, विचारलं कलमाचा सांधा दाखवा तर खोड खालपासनं वरपर्यंत गुळगुळीत, म्हणजे सरळ बीचं रोप. बीच्या रोपाला फळ यायला सहा-सात वर्षं नाहीतर दहा पण लागतात, आणि येईल ते काय असेल ते देवाला ठाऊक. कलमाला तीन-चार वर्षांत धरतं. म्हणून सांधा दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं मत, सरकारी ठिकाणी जा, वेटिंग असेल तर थांबा. बेंगळूरच्या आयआयएचआरचं, म्हणजे सरकारी फलोत्पादन संशोधन संस्थेचं, कुर्गात चेट्टळ्ळीला संशोधन केंद्र आहे, त्यांनी अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी ह्या जाती निवडून काढल्यात, आणि तामिळनाडू कृषी विद्यापीठाची टीकेडी-१ आहे, तडियनकुडिसैच्या केंद्रातली. ह्या आपल्या हवेत तपासलेल्या जाती. हासच्या नावामागं पळण्यापेक्षा ह्या बऱ्या.

ह्या झाडाचं फुलाचं प्रकरण पण ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून, मग मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जाती सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, ह्यांना ए टाइप म्हणतात, हास त्यात. काही दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर, तो बी टाइप, फुएर्ते वगैरे. दोन्ही शेजारी असले आणि मधमाश्या असल्या की काम चांगलं होतं. एकट्या झाडाला लागतच नाही असं नाही, हवा गार असली की वेळा पुढंमागं होतात आणि काम भागतं, पण बाग करणार असाल तर दोन्ही टाइप लागतात, आणि हे सांगणारा नर्सरीवाला मला अजून तरी एकच भेटला. मोठ्या झाडाला दहा लाखापर्यंत फुलं येतात आणि त्यातनं फळं टिकतात शे-दोनशे, त्यामुळं फुलोरा बघून हिशोब मांडू नका.

जमीन मात्र नीट बघा, कारण हासच्या त्या मूळ झाडाला ज्यानं मारलं ती फायटोफ्थोरा मुळकूज आपल्याकडं पण आहेच. ह्या झाडाची मुळं वरवर पसरतात, त्यांना मूळकेस जवळजवळ नसतात, आणि पाणी साचलेलं एवढंसं पण खपत नाही. आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या भारी जमिनीत, पावसात चार दिवस वाफसा येत नाही तिथं, सपाट खड्डा करून लावलं तर पैसे पाण्यात, शब्दशः. उंच गादीवाफा किंवा मातीचा ढिगारा करून त्यावर, कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवून, पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालून लावायचं. खारवट पाणी आणि चुनखडीची जमीन पण नको, पानांची टोकं जळतात, पिवळी पडतात. उन्हाळ्यात चाळीसच्या वर जाणाऱ्या भागात पहिली दोन-तीन वर्षं सावलीची जाळी आणि खोडाला चुना लागणारच. डोंगरउताराची निचऱ्याची जमीन, मध्यम हवा, हे ज्याच्याकडं आहे त्यानं करावं. बाकीच्यांनी डाळिंबाला जेवढा जीव लावताय तेवढाच ह्याला लावायची तयारी ठेवा नाहीतर नका करू.

आणि एक, लावणार असाल तर गोठा बांधताना विचार करा. पानं, साल, बी ह्यात पर्सिन नावाचं द्रव्य असतं, शेळ्या, गाई, घोडे ह्यांना बाधतं, दुभत्या जनावराची कास सुजून दूध तुटतं. छाटलेला पाला बांधावर टाकला आणि शेळ्यांनी खाल्ला असं होऊ देऊ नका. घरात पोपट, लव्हबर्ड असतील तर त्यांना तर पिकल्या फळाचा तुकडा पण द्यायचा नाही, पक्षी ह्यानं मरतात.